डीझेलची मोटार कीं पेट्रोलची? मागणीचा एक धडा

अर्थशास्त्राच्या कोणत्याहि प्राथमिक पुस्तकांत ‘मागणी’ हा शब्द पहिल्या दहापांच पानांतच भेटतो. विद्यार्थी त्याची व्याख्या पाठ करतात, परीक्षेंत ती लिहितात आणि विसरून जातात. परंतु मागणी ही केवळ पुस्तकांत राहणारी वस्तु नव्हे. ती आपल्या घरच्या ओसरीवर, वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांत, बँकेच्या कर्जाच्या कागदांत आणि आठवड्याच्या बाजारांत राहते. तिची तेथेंच गांठ घेऊन चार गोष्टी समजून घ्याव्या, या हेतूनें आम्ही या अंकांत आपल्या जिल्ह्यांतील अगदीं ओळखीचें उदाहरण घेत आहों.

नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे. इच्छा, ती पुरी करण्याची ऐपत आणि त्यासाठीं पैसा खर्च करण्याची तयारी, हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे मागणी उत्पन्न होते. एखाद्या घरीं गाडी घेण्याचें ठरतें. इच्छा आहे, थोडी शिल्लक आहे, बाकीचें कर्ज मिळणार आहे. मग प्रश्न येतो कीं, गाडी डीझेलची घ्यावी कीं पेट्रोलची? या प्रश्नास आपल्याकडे बहुधा एकच ठराविक उत्तर मिळतें: ‘डीझेलचीच बरी, तेल स्वस्त आणि गाडी ओढाळ.’ हें उत्तर पुष्कळ वर्षें बरोबर होतें. तें कां बरोबर होतें, आणि आतां तें सर्वांस सारखेंच कां लागू पडत नाहीं, हें पाहणें हाच आजचा धडा होय.

यंत्राची ओळख

प्रथम यंत्राकडे पाहूं. पेट्रोलच्या एंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबलें जातें आणि विजेच्या ठिणगीनें तें पेटतें. डीझेलच्या एंजिनांत ठिणगीच नसते. तेथें केवळ हवा आंत घेऊन ती मूळच्या पंधराव्या ते विसाव्या हिश्श्याइतक्या जागेंत दाबतात. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंप गरम होतो, हें प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातास ठाऊक आहे. तोच प्रकार येथें फार मोठ्या प्रमाणावर होतो. हवा ५०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापते, आणि त्या तप्त हवेंत तेलाचा बारीक फवारा सोडतांच तें आपोआप पेट घेतें.

या यंत्राचा जनक रूडॉल्फ डीझेल हा होय. त्याचा जन्म १८५८ सालीं पॅरिस येथें जर्मन आईबापांच्या पोटीं झाला. १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें त्याचें एंजिन यशस्वी रीतीनें चाललें. त्या काळचीं वाफेचीं यंत्रें इंधनांतील उष्णतेचा सुमारें दहावा हिस्सा कामीं लावीत. डीझेलच्या यंत्रानें चौथ्या हिश्श्याहून किंचित् अधिक भाग कामीं लावून दाखविला. १९१३ सालीं इंग्लिश खाडींतून प्रवास करीत असतां हा कर्तबगार पुरुष आगबोटीवरून नाहींसा झाला. त्याचें यंत्र मात्र जगभर पसरलें.

या यंत्राचे गुण तीन. दाब अधिक असल्यामुळें तें तेलाचा अधिक उपयोग करून घेतें. शिवाय एक लिटर डीझेलमध्यें एक लिटर पेट्रोलपेक्षां सुमारें दहाव्या हिश्श्यानें अधिक उष्णता असते. तिसरें असें कीं, तें सावकाश फिरत असतांहि चांगलें ओढतें. ज्यानें कांद्यानें भरलेली गाडी करंजी घाटांतून किंवा इमामपूरच्या चढावरून नेली असेल त्यास या तिसऱ्या गुणाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. परंतु दोषहि आहेत. एवढा दाब सोसण्यासाठीं यंत्र जड व भक्कम करावें लागतें, म्हणून तें महाग पडतें. त्याचा आवाज अधिक, धूर काळा आणि दुरुस्ती खर्चाची.

महाग यंत्र व कमी तेल, हें या सर्व कथेचें मूळ आहे. ज्याची गाडी दिवसभर धांवते तो तेलाच्या बचतींतून यंत्राची जादा किंमत लवकर वसूल करतो. ज्याची गाडी दारांत उभी असते त्याची ती कधींच वसूल होत नाहीं. म्हणून हें एंजिन प्रथम कारखान्यांत, जहाजांत आणि मालमोटारींत गेलें. प्रवासी मोटारींत तें उशिरां आलें. १९३६ सालीं जर्मनींत मर्सिडीझ-बेंझ कंपनीनें ‘२६० डी’ या नांवाची डीझेलची मोटार काढली. तिला विशेष पसंती दिली ती भाड्याच्या मोटारी चालविणाऱ्यांनीं. पहिली मागणी सर्वांत अधिक मैल चालणाऱ्यांकडून आली, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आपल्या मुलुखांत डीझेल

१ जून १९४८ रोजीं पुणें व अहमदनगर यांच्या दरम्यान राज्य परिवहनाची पहिली मोटार धांवली, हें आपल्या जिल्ह्यांतील आबालवृद्धांस अभिमानानें सांगतां येतें. ज्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तो क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा आहे. अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत पसरलेल्या अशा जिल्ह्यांत अंतरें लांब, आणि म्हणून वाहनाची गरज मोठी.

आपल्या शेतकऱ्यास डीझेल एंजिनाची ओळख झाली ती मात्र रस्त्यावर नव्हे, तर विहिरीवर. १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढें गांवोगांव विहिरींच्या कांठीं तेलावर चालणारे पंप वाजूं लागले. त्यामुळें डीझेल एंजिन उघडणारा, त्याचा नोझल साफ करणारा कारागीर खेड्यांतच तयार झाला. मागणीच्या शास्त्रांत ही गोष्ट लहान नाहीं. जी वस्तु बिघडल्यास गांवांत दुरुस्त होते तिच्यावर लोकांचा विश्वास बसतो, आणि विश्वास हें मागणीचें एक मोठें अंग आहे.

मालमोटारींत १९५४ पासून जमशेदपूर येथें टाटा व मर्सिडीझ-बेंझ यांच्या सहकार्यानें डीझेलच्या गाड्या होऊं लागल्या. परंतु लहान मालाच्या गाडीची कथा आपल्या नगरशींहि जोडलेली आहे. नगरचे प्रसिद्ध वकील व मुंबई विधानसभेचे सभापति कुंदनमल फिरोदिया यांचे चिरंजीव नवलमल फिरोदिया यांनीं १९५८ सालीं बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. ‘टेम्पो’ हें जर्मनींतील एका कारखान्याचें नांव; पण आपल्या भाषेंत तें इतकें मुरलें कीं, आज कोणत्याहि लहान मालगाडीस आपण टेम्पोच म्हणतों. याच कंपनीनें १९६९ सालीं ‘मॅटॅडोर’ ही डीझेलची गाडी काढली. तीच गाडी भाजीपाला वाही, तीच लग्नाचें वऱ्हाड नेई. पेट्रोलच्या जुन्या जीपगाड्यांत डीझेलचें एंजिन बसवून घेण्याचा प्रघातहि पुढें पडला; काळ्यापिवळ्या जीपगाड्यांतून आपल्यापैकीं किती तरी पालकांनीं शाळेचा व बाजाराचा प्रवास केला असेल.

१९८६ सालीं टाटांची ‘४०७’ आली. त्याच दशकांत जपानी कंपन्यांच्या सहकार्यानें निघालेल्या हलक्या मालगाड्याहि बाजारांत होत्या; त्या चढाओढींत ही गाडी टिकली. १९९४ सालीं ‘सुमो’, १९९८ सालीं पुण्यास तयार झालेली ‘इंडिका’, आणि २००५ सालीं ‘एस’ ही दोन नळकांड्यांची, सुमारें ७०० घनसेंटिमीटरच्या डीझेल एंजिनाची चिमुकली मालगाडी आली. लोकांनीं तिचें नांव ‘छोटा हत्ती’ असें ठेविलें. संगमनेर व राहाता भागांतील दूध, पारनेर व राहुरीकडील कांदा, शिर्डीस जाणारे यात्रेकरू, हें सर्व अशाच गाड्यांच्या पाठीवरून चाललें. या लोकांचे मैल मोठे, म्हणून त्यांची डीझेलची मागणी रास्त होती.

तेलाचा भाव आणि गाडीची मागणी

आतां धड्याचा दुसरा भाग. चहा व साखर, शाई व लेखणी, यांप्रमाणें कांहीं वस्तु जोडीनें वापरल्या जातात. त्यांस पूरक वस्तु म्हणतात. त्यांतील एकीचा भाव बदलला कीं दुसरीची मागणी बदलते. गाडी व तेल या अशाच पूरक वस्तु होत.

डीझेलवर शेतीचे पंप, एस. टी. आणि मालमोटारी चालत. तें महागलें तर धान्यापासून भाजीपर्यंत सर्वच महागणार. म्हणून सरकार त्याचा भाव मुद्दाम खालीं ठेवी. जून २०१० मध्यें पेट्रोलचा भाव बाजारावर सोंपविण्यांत आला, पण डीझेलचा तसाच बांधलेला राहिला. परिणामीं मे २०१२ मध्यें दिल्लींत पेट्रोल लिटरला सुमारें ७३ रुपये तर डीझेल सुमारें ४१ रुपये असा विलक्षण फरक पडला. मग काय विचारतां! ज्यांची मोटार महिन्यांतून चार वेळां बाहेर पडे तेहि डीझेलची मोटार मागूं लागले. २०१२-१३ च्या सुमारास देशांत विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकीं निम्म्याहून अधिक डीझेलच्या होत्या. आपल्या पुणें रस्त्यावरील रांजणगांव येथें फियाटच्या कारखान्यांत १३०० घनसेंटिमीटरचीं डीझेल एंजिनें तयार होत होतीं. त्याच आराखड्याचें एंजिन मारुतीच्याहि गाड्यांत असे.

येथें क्षणभर थांबून विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. विहिरीवरच्या पंपासाठीं आणि एस. टी.च्या उतारूसाठीं जी सवलत ठेविली होती, तिचा मोठा वांटा सधनांच्या मोटारींच्या टाकींत जाऊं लागला. कायदा कोणी मोडला नव्हता. भावानें जी वाट दाखविली तिकडे मागणी गेली, एवढेंच.

जानेवारी २०१३ पासून डीझेलचा भाव दर महिन्यास सुमारें अर्ध्या रुपयानें वाढविण्यास आरंभ झाला आणि ऑक्टोबर २०१४ मध्यें तोहि बाजारावर सोडण्यांत आला. दोन्ही भाव जवळ येत गेले. जून २०२० मध्यें तर दिल्लींत डीझेल प्रथमच पेट्रोलच्या पुढें गेलें. त्याच वर्षीं १ एप्रिलपासून धुराविषयींचे ‘बी. एस. ६’ हे कडक नियम देशभर लागू झाले. ते पाळावयाचे तर डीझेल एंजिनास महाग उपकरणें जोडावीं लागत. मारुतीनें त्या दिवसापासून डीझेलच्या मोटारी करणेंच सोडलें, आणि रांजणगांवचें तें एंजिनहि नव्या नियमांत न बसल्यामुळें बंद झालें. प्रवासी मोटारींतील डीझेलचा वांटा पुढें पांचव्या हिश्श्याच्याहि खालीं उतरला. यंत्राचे गुणदोष जे होते तेच होते; बदलला तो भाव व नियम.

हिशेब करून पाहूं

आतां पाटी-पेन्सिल घ्यावी. पुढील आंकडे केवळ उदाहरणासाठीं धरलेले आहेत. घरीं करतांना त्या दिवसाचे खरे आंकडे घ्यावे.

समजा, डीझेलची मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षां १,२०,००० रुपयांनीं महाग आहे. पेट्रोलची मोटार लिटरला १६ किलोमीटर व डीझेलची २० किलोमीटर जाते. पेट्रोलचा भाव १०४ रुपये व डीझेलचा ९२ रुपये धरूं. तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ६ रुपये ५० पैसे, डीझेलचा ४ रुपये ६० पैसे. बचत १ रुपया ९० पैसे. १,२०,००० भागिले १.९० म्हणजे सुमारें ६३,००० किलोमीटर. एवढें अंतर चालल्यावर जादा किंमत फिटेल.

ज्याचें रोजचें चालणें १५० किलोमीटर आहे तो हें अंतर सुमारें चौदा महिन्यांत तोडील. ज्याचें ३० किलोमीटर आहे त्यास पावणेसहा वर्षें लागतील. पुष्कळ लोक हिशेब येथेंच थांबवितात आणि म्हणतात, ‘होईना कां सहा वर्षांनीं, फिटेल तर खरी!’ पण त्या जादा रकमेस व्याज आहे. शेंकडा १० दरानें तें वर्षास १२,००० रुपये होतें. शिवाय डीझेलच्या एंजिनाची देखभाल किलोमीटरला ५० पैसे अधिक धरूं.

रोज ३० किलोमीटर चालणाऱ्याची वर्षाची चाल १०,९५० किलोमीटर. तेलाची बचत २०,८०५ रुपये. त्यांतून व्याज १२,००० व देखभाल ५,४७५ वजा जातां उरले ३,३३० रुपये. या गतीनें १,२०,००० फिटण्यास छत्तीस वर्षें लागतील! रोज १५० किलोमीटर चालणाऱ्याची वर्षाची चाल ५४,७५० किलोमीटर, बचत १,०४,०२५ रुपये. व्याज १२,००० व देखभाल २७,३७५ वजा जातां ६४,६५० रुपये उरतात, आणि दोन वर्षांच्या आंत तो मोकळा होतो. एकच गाडी, एकच भाव. पण एकास ती कमाई आणि दुसऱ्यास तोटा.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. त्यांची वस्ती गांवापासून सहा किलोमीटरवर. भाऊबंदांनीं डीझेलची घेतली म्हणून त्यांनींहि कर्ज काढून नव्या नियमांची डीझेलची मोटार घेतली. मोटार रोज वस्तीवरून बाजारापर्यंत जाई व परत येई, एवढेंच तिचें काम. नव्या डीझेल मोटारींत धुरांतील काजळी अडविणारी एक गाळणी असते. ती काजळी जाळून टाकण्यास गाडी मधूनमधून कांहीं वेळ सलग, चांगल्या वेगानें चालावी लागते. सहा किलोमीटरच्या फेरींत ती पुरती तापतच नाहीं. गाळणी तुंबली, खुणेचा दिवा लागला, गाडी अडूं लागली, आणि दुरुस्तीचा खर्च एका हप्त्याहून जास्त आला. ‘गुरुजी, आम्ही तेलाचा भाव विचारला, आपण चालणार किती तें कोणी विचारलेंच नाहीं,’ असें ते म्हणाले. त्या वर्षीं मुलीच्या वसतिगृहाची फी भरण्यास त्यांस हातउसने घ्यावे लागले. चुकीच्या हिशेबाचा भार गाडीवर पडत नाहीं, तो घरावर पडतो.

वहींत न येणारा खर्च

आणखी एक खर्च असा आहे कीं, तो गाडीच्या मालकाच्या वहींत येतच नाहीं. जून २०१२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें डीझेलचा धूर मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणला. त्यांतील काजळीचे कण इतके सूक्ष्म असतात कीं, ते फुप्फुसांत खोलवर जातात. हा धूर कोण ओढतो? रस्त्याच्या कडेनें शाळेस चालत जाणारीं मुलें, थांब्यावर उभा राहिलेला म्हातारा, चौकांत भाजी विकणारी बाई. गाडी दुसऱ्याची, श्वास यांचा. अर्थशास्त्रांत यास बाह्य खर्च म्हणतात. तो बाजारभावांत आपोआप येत नाहीं, म्हणूनच नियम करावे लागतात. ‘बी. एस. ६’ मध्यें डीझेलमधील गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणिलें गेलें व काजळीस गाळणी लागली. गाडी महाग झाली हें खरें. पण त्या वाढीव किंमतींत दुसऱ्याच्या श्वासाची कांहीं भरपाई आहे, हें पालकांनीं विसरूं नये. गाळणी काढून टाकून गाडी चालविण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकूं नये. तो बेकायदेशीर आहे आणि त्याचा भुर्दंड आपल्याच मुलांच्या छातीवर बसतो.

याचा अर्थ डीझेलचे दिवस संपले असा मात्र नव्हे. पिकअपवर कांदा, टोमॅटो, दुधाचे कॅन लादून दररोज लांब जाणाऱ्यास आजहि त्याचा हिशेब बहुधा जुळतो. दुसरीकडे शहरांतील लहान फेऱ्यांसाठीं सी. एन. जी.च्या व विजेच्या लहान मालगाड्या आल्या आहेत. ‘एस’ ही गाडीच २०२२ सालीं विजेवर चालणारी अशी निघाली. प्रत्येकानें आपल्या कामास काय साजतें तें पाहावें. शेजाऱ्याच्या दारांत काय उभें आहे तें पाहूं नये.

शेवटीं विद्यार्थ्यांसाठीं घरचा अभ्यास देतों. एक, घरच्या किंवा शेजारच्या गाडीचे महिन्याच्या आरंभीं व अखेरीस मीटरवरील आंकडे टिपावे आणि रोजची सरासरी चाल काढावी. दोन, त्या दिवसाचे पेट्रोल व डीझेलचे भाव पंपावरून लिहून आणावे. तीन, वर दाखविलेल्या रीतीनें व्याज व देखभाल धरून हिशेब मांडावा. चार, डीझेलचा भाव ५ रुपयांनीं वाढल्यास उत्तर किती बदलतें तें पाहावें. हिशेब पुरा झाला म्हणजे तो वडिलांस अथवा आईस मोठ्यानें वाचून दाखवावा. घरांत नव्या गाडीचा विचार चालू असेल, तर कर्जाच्या कागदावर सही होण्यापूर्वीं वाचावा.